रूपर्ट्सच्या खोऱ्यातलं पोर

डल्सी प्लेटोला लहानपणी आईनं दोन गोष्टींची सक्त तंबी दिली होती. कड्याच्या टोकाशी समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, आणि भर दुपारी रूपर्ट्सच्या खोऱ्यात एकटीनं जायचं नाही.

"तिथली माणसं पाणी मागतात," आई म्हणायची. "आणि तुझ्याजवळ नसलं की मागोमाग घरी येतात."

कुठली माणसं, ते कोणी फोडून सांगत नसे. सेंट हेलेना बेटावर ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर बोलत कोणीच नव्हतं. डल्सीच्या पणजीच्या काळात इंग्रजांच्या आरमारानं गुलाम नेणारी जहाजं भर समुद्रात धरली. त्यांतली आफ्रिकी माणसं सोडवली आणि जवळपास दुसरी जमीन नाही म्हणून या बेटावर, त्या उघड्याबोडक्या खोऱ्यात आणून उतरवली. माणसं सुटली, पण कितीतरी जण तोवर अर्धमेले झालेले होते. देवी, जुलाब, उपासमार. हजारो तिथंच मेले आणि तिथंच, उथळ खड्ड्यांत, एकावर एक पुरले गेले. जगले त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा बोटीत बसवून दूरच्या मळ्यांवर कामाला धाडलं. थोडे बेटावरच राहिले आणि बेटाचेच झाले.

पुढं त्या खोऱ्यात वीजघर आलं, तेलाच्या टाक्या आल्या, मासळीचा कारखाना आला. लोक कामाला जात, डबा खात, परत येत. डल्सी मात्र तिकडे कधी फिरकली नाही. बाविशीपर्यंतचं तिचं आयुष्य वरच्या डोंगरात, वाखाच्या गिरणीच्या आसपास गेलं. बाप गिरणीत, भाऊ गिरणीत, ती स्वतः वाख वाळत घालायला. तिथून निघालेली सुतळी विलायतेला जायची आणि तिकडचे पोस्टमन तिनं टपालाचे गठ्ठे बांधायचे. मग एके वर्षी तिकडे कोणीतरी ठरवलं की नायलॉनची दोरी स्वस्त पडते. वर्षाच्या आत गिरण्यांचे पट्टे थांबले. डोंगरभर वाखाची पाती उभी आणि कापायला कोणी नाही, असं ते वर्ष होतं.

डल्सीला तेव्हा तीन वर्षांची मुलगी होती, वर्ना. वर्नाचा बाप असेन्शन बेटावर कामाला गेला होता आणि तिकडचाच झाला होता. विलायतेतल्या घरांना स्वयंपाकिणी, मोलकरणी हव्या आहेत असं कळलं, तसं डल्सीनं नाव दिलं. लेकरू नेता येत नव्हतं. वर्नाला आईच्या ओटीत घालून ती बोटीत चढली, तेव्हा पोर झोपलेली होती. उठवू नकोस, असं आईच म्हणाली.

सरे परगण्यातल्या हार्ग्रीव्ह कुटुंबात ती लागली. साहेब सरकारच्या परराष्ट्र कारभारात होते. आज या देशातला झेंडा उतरवायचा, उद्या त्या देशातला, त्या बोलण्यांसाठी ते सारखे विमानात असत. घरी आले की थकलेले. बाईंना डोकेदुखी. त्यामुळे धाकट्या ज्युलियनचं सगळं डल्सीकडे. त्याचं न्हाणं, त्याचं जेवण, त्याची रात्रीची भीती. त्याचे दुधाचे दात पडायला लागले, तेव्हा तो अख्खा दिवस जिभेनं हलता दात ढकलत बसायचा आणि त्याचा बारीक टकटक आवाज डल्सीला पाठमोरीलाही ऐकू यायचा. पडलेला दात त्याच्या उशीखालून काढून तिथं नाणं ठेवणारी परी म्हणजे डल्सीच.

चार वर्षांचा करार होता. तो संपला तेव्हा बाई रडल्या, ज्युलियन रडला, आणि घरून आईचा निरोप आला की छपराचे पत्रे गेलेत, अजून थोडं थांबलीस तर बरं. डल्सी थांबली. परतली तेव्हा वर्ना दहा वर्षांची झाली होती.

धक्क्यावर आजीचा हात धरून एक लांब हातापायांची, तोंडभर मोठे दात असलेली मुलगी उभी होती.

"ही बघ, कोण आली," आजी म्हणाली.

"डल्सी," मुलगी म्हणाली. शिकवल्यासारखं, नीट.

आजीला ती आई म्हणत होती. डल्सीला जन्मभर ती डल्सीच म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर डल्सीला धरायला काहीतरी मिळालं असतं.

वर्ना मोठी झाली आणि सगळे जातात तशी गेली. आधी असेन्शन, मग फॉकलंडच्या युद्धानंतर तिथल्या सैनिकांच्या खानावळीत. दरम्यान विलायतेत असा कायदा झाला की बेटावरच्यांचा पासपोर्ट ब्रिटिशच, पण ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. वीस वर्षांनी तो हक्क परत मिळाला, आणि मग अर्धं बेट उठून तिकडे गेलं. वर्ना स्विंडनला गेली. तिथं बेटाची इतकी माणसं झाली की गुरुवारच्या बाजारात गाववाला भेटल्याशिवाय राहत नाही, असं ती फोनवर सांगायची. आजी केव्हाच वारली होती. हाफ ट्री हॉलो वस्तीतल्या घरात डल्सी, आठ कोंबड्या आणि एक रेडिओ उरला.

तिची चौसष्टी आली तेव्हा बेटावर विमानतळ करायचं ठरत होतं. त्याच्या सामानासाठी रूपर्ट्सच्या खोऱ्यातून रस्ता काढायचा होता. रस्त्याच्या जागेवर कबरी निघणार हे माहीत होतं, म्हणून आधी विलायतेहून खोदकाम करणारी जाणकार मंडळी आली. त्यांना हाडं धुवायला, वाळवायला स्थानिक हात हवे होते. टॅक्सीवाला स्टेडसन क्राउवी, ज्याला सारं बेट बोगो म्हणतं, तो शेजारीच राहायचा. त्यानं येऊन सांगितलं.

"आंटी, काम आहे. बसून करायचं. पण गिऱ्हाईक बोलत नाही."

"आईनं बजावलंय तिथं जायचं नाही म्हणून."

"तुझी आई आता कुठं बघायला आहे?"

डल्सी गेली. का गेली, हे तिला पुढंही नीट सांगता आलं नाही. घरात बसून कंटाळा आला होता, एवढंच ती म्हणायची.

मांडवाखाली लांब टेबलं होती. पाण्याची घमेली, मऊ ब्रश. पहिल्या दिवशी एका हाडाला तासभर लागला, दुसऱ्या दिवशी हात सरावले. मोठ्या माणसांची हाडं कमी होती. मुलंच फार. पथकाची प्रमुख जोआना नावाची शांत बाई होती. तिनं एके सकाळी डल्सीसमोर एक ट्रे ठेवला आणि म्हणाली, "हे सावकाश करा."

लहान कवटी होती. गळ्याशी निळ्या काचमण्यांची माळ जशीच्या तशी मिळाली होती, ती वेगळी ठेवली होती. डल्सीनं जबडा हातात घेतला. पुढचे दोन दात नवे, अर्धवट वर आलेले, कडा करवतीसारख्या. शेजारचे दुधाचे. एक दुधाचा दात इतका सैल होता की ब्रश लागताच तो तिच्या तळहातावर पडला.

"किती वर्षांची असेल?" डल्सीनं विचारलं.

"सात-आठ. मुलगी की मुलगा ते या वयात सांगता येत नाही. पण माळ आहे, म्हणून आम्ही मुलगी म्हणतो."

डल्सी हातावरच्या दाताकडे बघत राहिली. ज्युलियनचे सगळे दात तिला आठवत होते, कुठला कधी पडला तेही. वर्नाचा एकही तिनं पाहिला नव्हता. पोर दात पडायच्या आधी मागं ठेवली आणि दात आल्यावर परत मिळाली. ही गोष्ट इतक्या वर्षांत तिच्या मनात आली नव्हती असं नाही, पण अशी, तळहातावर ठेवल्यासारखी, कधी आली नव्हती. तिनं दात लहान पिशवीत घातला आणि पिशवी ट्रेमध्ये ठेवली.

त्याच दुपारी घरी आल्यावर ती ट्यूना माशाच्या तिखट वड्यांसाठी बटाटे कुस्करत होती. चुलीजवळ एक बुटकं स्टूल असायचं. त्याला वळसा घालून ती मिठाच्या बरणीकडे गेली, वळसा घालून परत आली. तिसऱ्यांदा तिच्या ध्यानात आलं की स्टूल वाटेत नाही. सरळ जाता येत होतं. पण पाय सरळ जात नव्हते, कारण तिथं कोणीतरी बसलेलं होतं.

दिसलं काही नाही. ते तिनं बोगोला आणि नंतर पाद्रीबाबांनाही ठासून सांगितलं. दिसलं असतं तर डोळ्यांचा दोष म्हणता आला असता. तिला ऐकू आलं. जिभेनं हलता दात ढकलल्याचा बारीक आवाज. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक.

डल्सीनं पेल्यात पाणी भरलं आणि स्टुलाशेजारी फरशीवर ठेवलं. आईचं बोलणं आठवून. संध्याकाळी पेला भरलेलाच होता. दुसऱ्या दिवशीही. पाणी नको होतं त्या पोरीला.

खोदकाम संपलं, मंडळी गेली. हाडं खोक्यांत भरून खाली शहरात, जेम्सटाउनमध्ये, तुरुंगाजवळच्या एका जुन्या कोठारात ठेवली. थोड्याच दिवसांत मानानं पुरायची, असं ठरलं होतं. त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली. रस्ता झाला, विमानतळ झाला, इतक्या वर्षांच्या सवयीची टपालाची बोट बंद झाली आणि आठवड्याला विमान यायला लागलं. खोकी कोठारातच.

डल्सी उतरणीच्या रस्त्यानं शहरात जायची आणि बाजार झाला की कोठाराच्या पायरीवर बसायची. आधी गुरुवारी, मग रोजच. दाराला कुलूप. ती काही बोलायची नाही, प्रार्थना करायची नाही. कधी विणकाम, कधी नुसती.

"आंटी, रोज तुरुंगाशेजारी बसतेस," बोगो टॅक्सी थांबवून म्हणायचा. "कैदी आवडला की काय एखादा?"

"आवडला तर तुला कशाला सांगू? टॅक्सीत बसेल त्याला तू सांगत सुटशील."

"लोक म्हणतात तुला खोऱ्यातलं काहीतरी लागलंय."

"लागलंच आहे. लोक बरोबर म्हणतात."

सरकारी कचेरीतही ती जाऊन आली. तिथं विलायतेहून दोन-दोन वर्षांसाठी साहेब येत. त्यातला एक तिला खुर्ची देऊन अदबीनं म्हणाला, "आमचं त्यावर काम चालू आहे, बाई."

"मागच्या साहेबांचंही चालू होतं."

"ते परत गेले."

"तेच म्हणते मी. तुम्हीही जाल. ती पोरं कुठं जाणार?"

साहेबाला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तो पुढच्या वर्षी परत गेला.

पाद्रीबाबा भले होते. त्यांनी सुचवलं की त्या मुलीला एखादं नाव ठेवू, तिच्यासाठी प्रार्थना करू, म्हणजे डल्सीच्या घराला शांतता मिळेल. ग्रेस कसं वाटतं?

डल्सीनं नकारार्थी मान हलवली. "नाव आहे तिला, फादर. तिच्या आईनं ठेवलेलं. आपल्याला ठाऊक नाही एवढंच. माझ्या खापरपणज्याला कुणा मालकानं पुस्तकातलं बघून प्लेटो केलं. हसला असेल करताना. त्याचं आधीचं काय होतं, कोणाला ठाऊक? आता मी त्या पोरीचं तेच करू?"

पाद्रीबाबांनी ते नाव पुन्हा काढलं नाही. चहा घेऊन गेले. स्टुलाला वळसा घालून गेले, हे डल्सीनं पाहिलं.

वर्नापर्यंत या गोष्टी पोचल्याच. स्विंडनमध्ये बेटाची बातमी बेटाआधी पोचते. करोनाच्या साथीच्या आदल्या वर्षी ती विमानानं आली. पंचावन्न उलटलेली, गुडघे धरलेले. आईला घेऊन जायचं ठरवूनच आली होती. पहिल्या सकाळी चहा घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि बुटकं स्टूल पायानं ओढून बसायला लागली.

"तिथं नको," डल्सी म्हणाली.

वर्ना वाकलेलीच थांबली. मग सरळ झाली. "म्हणजे खरं आहे तर. बोगो म्हणाला तेव्हा मला वाटलं थापा मारतोय."

"खुर्ची घे ना ती."

"कोठाराच्या पायरीवर रोज बसतेस म्हणे. ऊन, पाऊस."

"बसते."

"माझ्यासाठी कधी बसली होतीस का गं, डल्सी? अशी?"

आवाज चढलेला नव्हता. डल्सीनं हात पुसले. मग तिनं ते सांगितलं. जबडा, तळहातावर पडलेला दात, ज्युलियनची उशी. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. "तुझा एकही दात मी पाहिला नाही," ती म्हणाली. "पहिला कधी पडला तेही मला माहीत नाही."

वर्ना खिडकीबाहेर कोंबड्यांकडे बघत होती. "शाळेत पडला. पाव खाताना. आईनं, म्हणजे आजीनं, विचारलं, काय करायचा याचा? मी म्हटलं, डल्सीला पाठव. टपालाची बोट नुकतीच गेली होती. पुढची येईपर्यंत आजीनं तो काडेपेटीत ठेवला." ती थोडी हसली. "मग कोणीतरी रिकामी काडेपेटी समजून ती चुलीत टाकली. मी दोन दिवस जेवले नाही."

"मला कोणी कळवलं नाही."

"काय कळवणार? दात जळाला म्हणून?"

दोघी बसल्या. चहा निवला. मधेच वर्नानं मान वळवून स्टुलाकडे पाहिलं, मग आईकडे. काही विचारलं नाही. डल्सीनंही विचारलं नाही की तुला ऐकू आलं का.

पुढचे दोन आठवडे वर्ना तिच्याबरोबर खाली उतरायची आणि पायरीवर शेजारी बसायची. पण स्विंडनचा विषय काढला की डल्सी म्हणायची, "यांना पुरू दे आधी." वर्ना एकटीच परत गेली. मग साथ आली, विमानं थांबली आणि फोनच राहिला.

शेवटी हाडं पुरायचा दिवस आला. बेटावरच्या सुतारांनी शवपेट्या केल्या होत्या. लहान-मोठ्या, साध्या लाकडाच्या. सगळं बेट रूपर्ट्सला उतरलं होतं. शाळेची पोरं, पोलीस, म्हातारे. पेट्या हातोहात खड्ड्यापर्यंत न्यायच्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डल्सीला कोणीतरी खुर्ची दिली, ती तिनं बाजूला सारली आणि रांगेत उभी राहिली. तिच्या हातात एक लहान पेटी आली. दुसरी बाजू बोगोनं धरली.

"हलकी आहे," बोगो पुटपुटला. एरवी त्याचं तोंड बंद नसायचं, पण तेवढंच बोलला.

कुठल्या पेटीत कोण, ते वरून कळत नव्हतं. ही ती असेल किंवा नसेलही. डल्सी जपून पावलं टाकत गेली आणि पेटी खाली देताना तिची बोटं कडेवर अडकल्यासारखी राहिली. खाली उभ्या असलेल्या माणसाला म्हणावं लागलं, "सोडा, आंटी. धरलीय मी."

त्या दिवशी घरी येऊन तिनं स्टुलाकडे पाहिलं आणि सरळ मिठाच्या बरणीकडे गेली. मधे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. तिनं मुद्दाम रेडिओ बंद करून कान दिला. कोंबड्या, वारा, दूर कुठंतरी कुत्रं. हेच तर हवं होतं, असं तिनं स्वतःला बजावलं. पण चौदा वर्षं ज्या घरात कोणीतरी होतं तिथं आता कोणी नव्हतं, आणि ते तिला सोसेना. भाजी चिरताना हात थांबायचे. शेवटी तिनं फोन लावला आणि वर्नाला म्हणाली, "येते मी."

बोगोला कोंबड्या दिल्या. घराची किल्लीही त्यालाच.

स्विंडनमधलं वर्नाचं घर चिंचोळं, दोन मजली, दोन्हीकडे दुसऱ्या घरांच्या भिंती. वर्ना पहाटे गोदामात कामाला जायची ती अंधार पडल्यावर यायची. रविवारी बेटाची मंडळी एका हॉलमध्ये जमून मोठ्या पातेल्यात मसालेभात शिजवायची, तेव्हा डल्सीला मानाची खुर्ची मिळायची आणि कोण कुठल्या घरातली, हे ती चेहरा बघून ओळखायची. बाकी सहा दिवस खिडकी. थंडी तिच्या हाडांत शिरली ती निघालीच नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळायच्या बेतात होती. वर्ना तिचे पाय चोळत होती. चोळता चोळता म्हणाली, "डल्सी, इथं येते का गं ती?"

"नाही. ती कशाला येईल इकडे?" डल्सी म्हणाली. मग थोडं थांबून, "इथं मीच आहे तशी. तू गेलीस की मी चालत असते घरभर. वरून खाली, खालून वर. कोणी बघत नाही, कोणी काही मागत नाही. शेजारच्या बाईला भिंतीतून ऐकू येत असेल. म्हणत असेल, कोण चालतंय?"

वर्नाचे हात थांबले. मग तिनं पांघरूण आईच्या पायांखाली खोचलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिनं शेजारचं दार वाजवलं आणि ओशाळून सांगितलं की आई दिवसभर घरात चालत असते, आवाजाचा त्रास होत असला तर माफ करा.

"आवाज?" शेजारीण म्हणाली. "नाही हो. मला वाटायचं, दिवसा तुमचं घर रिकामंच असतं."

वर्ना शेजारणीकडे जाऊन आली हे कळल्यावर त्या संध्याकाळी डल्सीनं विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, ऐकू येतं. सोबत वाटते म्हणाली."

"बघ," डल्सी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

फेब्रुवारीत ती गेली. जमीन गोठलेली होती, खड्डा काढायला वेळ लागला. बेटाची मंडळी कोट घालून बाजूला उभी होती. बोगोनं तिकडून फोन करून विचारलं की घराचं काय करायचं, भाड्यानं देऊ का? वर्ना म्हणाली, नको, राहू दे तसंच, आणि तिनं त्या उन्हाळ्याचं बेटावर जायचं तिकीट काढलं. एकाच बाजूचं.